चाकांचा रंग

बैलगाडीच्या दिवसांत बेंदूर जवळ आला की शेतकरी आपली गाडी धुऊन रंगवायला काढी. जू रंगे, दांड्या रंगत, आणि चाकांचे आरे तर हटकून रंगत. एक आरा तांबडा, दुसरा हिरवा, असा थाट असे. परंतु आऱ्यांवर हौसेने कुंचला फिरवणारा तोच शेतकरी तुंब्याच्या आत, जेथे चाक लोखंडी आसाभोवती फिरते, तेथे रंगाचा थेंबही जाऊ देत नसे. ती जागा वंगणाची आहे, रंगाची नव्हे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. चाकाला रंग कोठे द्यावा याचे ज्ञान पुष्कळांना असते. कोठे देऊ नये याचे ज्ञान थोड्यांना असते. आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. मालवाहू पिकअप गाडीच्या लोखंडी चाकांना गाडीच्या अंगाचाच रंग द्यावा काय, आणि द्यायचा तर तो कसा द्यावा, एवढाच तो आहे. परंतु या किरकोळ विषयाच्या पोटात माणसांच्या जिवाची गोष्ट दडलेली आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करू.

बेळगावच्या बाजारातून भाजी भरून गोव्याकडे निघणाऱ्या पिकअप गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र सहज उभे राहील. पहाटेच्या अंधारात जांबोटी, कणकुंबी मागे टाकून गाडी चोर्ला घाटाला लागते आणि उजाडता उजाडता साखळीकडे उतरते. गाडीचे अंग पांढरेशुभ्र, पुढच्या काचेवर देवाचे नाव, आरशाला रंगीत गोंडा. मालकाने तिच्यासाठी कर्ज काढलेले असते, आणि घरच्या माणसाइतकाच तिच्यावर त्याचा जीव असतो. पण खाली पाहावे तो चाके गंजाने तांबूस झालेली, कारखान्यातला रंग पोपडे धरून निघालेला. सह्याद्रीचा पाऊस, घाटाखालची लाल माती आणि किनाऱ्यावरची खारी हवा, या तिघींपुढे साध्या लोखंडाचा टिकाव कितीसा लागणार? अशा वेळी मालकाच्या मनात येते की, अंगाचा रंग तसाच चाकांनाही दिला तर गाडी कशी एकसंध दिसेल!

ही हौस काही आजची नव्हे, आणि आपल्याकडचीच असेही नव्हे. पिकअप हा वाहनप्रकार रुजला तो अमेरिकेत. तेथे फोर्ड कंपनीने १९२५ सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीला मागे मालासाठी उघडी पेटी बसवून ती थेट कारखान्यातूनच विकावयास काढली. किंमत होती २८१ डॉलर. त्याआधी शेतकरी आणि दुकानदार आपल्या मोटारीच्या मागे स्वतःच लाकडी पेटी ठोकून घेत असत. त्या काळी चाकांना लाकडी आरे असत. आणि रंगाची निवड करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डची ही गाडी एकाच रंगात मिळे, तो म्हणजे काळा.

रंगांचे दार उघडले ते एका रासायनिक शोधाने. जुन्या पद्धतीने मोटार रंगवावयाची तर थरामागून थर वाळण्यात आठवडेच्या आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीने तयार केलेले ‘ड्युको’ नावाचे नवे रोगण जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आले. ते आठवड्यांऐवजी तासांत वाळू लागले, आणि कारखानदारांना निळा, हिरवा, तांबडा असे अनेक रंग परवडू लागले. ‘ड्युको’ हा शब्द आपल्याकडेही असा रुळला की कोणत्याही कंपनीचे रोगण असो, फवाऱ्याने मोटार रंगविण्याच्या कामाला लोक सर्रास ‘ड्युको पेंटिंग’ म्हणू लागले. रंग स्वस्त आणि झटपट झाला तशी लाकडी चाकेही मागे पडली, त्यांच्या जागी पोलादी पत्रा दाबून केलेली चाके आली, आणि अंगाचा रंग चाकांनाही देणे सहजसाध्य झाले.

याच गोष्टीचे एक वेगळे रूप दुसऱ्या महायुद्धात दिसले. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक लष्करी जीप गाड्या तयार झाल्या. त्यांचे अंग आणि त्यांची चाके दोन्ही एकाच मळकट हिरव्या रंगाची असत. तेथे शोभेचा प्रश्न नव्हता. शत्रूच्या नजरेस काही चमकू नये हा हेतू होता. युद्ध संपल्यावर, चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस, मुंबईत जीप गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि आपल्या खडकाळ रस्त्यांवर त्या सर्वत्र दिसू लागल्या. म्हणजे अंगाच्या रंगाची चाके आपल्या लोकांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिली ती बहुधा या जीपचीच. पुढे त्याच घडणीतून मालवाहू गाड्याही निघाल्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. चाक रंगवावयाचे म्हणजे गाडी उभी असतानाच टायरभोवती कागद लावून रंगाचा फवारा मारणे, असा अनेकांचा समज असतो. ही वरवरची रंगसफेदी एका पावसाळ्याचीही सोबत करीत नाही. खाली गंज राहिला की तो रंगाला आतून उचलतो, आणि चार महिन्यांत पोपडे पुन्हा हजर होतात. खरे काम करावयाचे तर चाक काढलेच पाहिजे. सपाट जागी गाडी उभी करून हातब्रेक ओढावा, उरलेल्या चाकांना दगडाची उटी द्यावी, आणि चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून मग जॅक लावावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली हात घालू नये. खाली भक्कम घोडा असावा. जुन्या जीपवजा गाड्यांत आणखी एक खुबी आढळते. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडविण्यासाठी जितका जोर लावतो तितका तो आवळत जातो, आणि शेवटी बोल्टच मोडून हातात येतो.

चाक निघाल्यावर त्यातील हवा पूर्ण सोडून टायर उतरवून घ्यावा. टायरसकट रंगवले तर रिमच्या कडेला, जेथे टायर आणि लोखंड एकमेकांना भिडतात, तेथेच गंज राहून जातो. आणि ट्यूब कापण्याचे किंवा बिनट्यूबच्या टायरची हवा झिरपण्याचे मूळ नेमके तेथेच असते. मग चाक सोड्याच्या गरम पाण्याने किंवा रॉकेलने धुऊन तेलाचा अंश घालवावा, तारेच्या ब्रशाने गंज खरवडावा आणि पॉलिश पेपरने घासावे. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून घासताना कागद ओला ठेवावा, कोरडी धूळ उडवू नये, आणि ती पोरांच्या खेळण्याच्या जागी तर मुळीच पडू देऊ नये.

चाक असे उघडे, स्वच्छ झाले की रंगाच्या डब्याला हात लावण्यापूर्वी ते उन्हात नेऊन नीट पाहावे. ही पाहणी म्हणजे या साऱ्या खटाटोपाचा अर्धा लाभ होय. बोल्टांच्या भोकांच्या मधल्या जागेत, हवेसाठी ठेवलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत, आणि जेथे मधली तबकडी रिमला जोडलेली असते त्या सांध्यावर, केसासारखी बारीक चीर आहे काय ते बघावे. बोल्टाचे भोक लांबट झाले आहे काय ते बघावे. असे काही दिसले तर ते चाक भंगारात द्यावे. त्यावर पुट्टी भरून, घासून, वर सुंदर रंग चढवणे म्हणजे आजारी माणसाच्या गालाला लाली लावून त्याला कामाला जुंपण्यासारखे आहे. दरवाजाच्या पत्र्यावरचा पोचा पुट्टीने बुजवला तर कोणाचे काही जात नाही. चाकावर मात्र पुट्टीला मुळीच थारा देऊ नये.

येथेच आणखी दोन धोक्यांचा उल्लेख केला पाहिजे. काही जड गाड्यांची आणि जुन्या लष्करी जीपची चाके दोन भागांची असतात. ते भाग एकमेकांशी बोल्टांनी किंवा कड्याने जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना हे जोड कोणी सोडवू लागला तर लोखंडाचा तुकडा तोफगोळ्यासारखा उसळून येतो. म्हणून हवा पूर्ण सोडल्यावाचून तिकडे पाना नेऊ नये, आणि ते काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे. दुसरे असे की, टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग करू नये आणि रंग सुकवण्यासाठी जाळही लावू नये. तापलेल्या रबरातून ज्वालाग्राही वायू सुटतात आणि टायर फुटून माणसे दगावतात.

आता रंगाची निवड. गाडीच्या अंगाचा रंग चाकाला हवा, असे म्हणणे सोपे. तो मिळवणे तितके सोपे नाही. कारखान्याच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचा रंग दुकानात तयारही करून मिळतो. परंतु तो असतो नव्या गाडीचा रंग. पाच-सात उन्हाळे सोसलेल्या गाडीचे अंग तेवढे उजळ राहिलेले नसते. जवळजवळ लावलेल्या दोन पांढऱ्या साड्यांत एक जुनी आणि एक कोरी असावी, तसा प्रकार होतो. दोन्ही पांढऱ्याच, पण एकमेकींना उघड्या पाडतात. म्हणून अनुभवी रंगारी डिझेलच्या टाकीचे झाकण काढून नमुन्यासाठी नेतो, पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावून तो पूर्ण वाळू देतो, आणि मगच दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाहीत. त्याचप्रमाणे दुकानातील ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळेलच असे नाही. तेव्हा पारख दिवसाउजेडीच करावी.

पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या चाकांवर लाल चिखल आणि ब्रेकची काळी भुकटी चटकन दिसते, म्हणूनच पुष्कळ कारखानदार चाके काळी किंवा रुपेरी ठेवतात. रोज पाणी मारण्याचा कंटाळा असेल त्याने काळा रंग पत्करावा. परंतु फिक्या रंगाचा एक गुण सहसा कोणी सांगत नाही. त्याच्यावर दोषही चटकन दिसतात. चीर पडली तर तिच्यातून गंजाची तांबडी रेघ उमटते. नट सैल झाला तर त्याच्याभोवती तांबूस ओघळ फुटतात. काळ्या चाकावर हे महिनोन्‌महिने लपून राहील. पांढऱ्या चाकावर पहिल्याच आठवड्यात डोळ्यांत भरेल. अंगाच्या रंगाचे स्वच्छ चाक ही नुसती हौस न राहता पहारेकरीही ठरू शकते, ती अशी.

रंग देताना आधी गंजरोधक प्रायमर, मग पातळ हाताने रंगाचे दोन थर, प्रत्येक थर वाळल्यावरच दुसरा, हा क्रम सर्वांना ठाऊक असतो. दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून वापरण्याचे जे नवे टिकाऊ रंग आले आहेत, त्यांच्या हार्डनरमध्ये दम्याला कारण होणारी द्रव्ये असतात. तेव्हा असे काम घराच्या पडवीत तोंडाला रुमाल बांधून करण्याचे नव्हे. त्याला योग्य मुखवटा आणि खेळती हवा असलेली जागा पाहिजे. एवढे सांगून, आरंभी बैलगाडीच्या तुंब्याची जी गोष्ट निघाली तिच्याकडे परत येऊ.

चाक गाडीला कशाच्या जोरावर टिकून राहते? पुष्कळांना वाटते की ते बोल्टांवर टांगलेले असते, आणि गाडीचा भार बोल्ट खांद्यावर घेतात. वस्तुस्थिती निराळी आहे. नट आवळला म्हणजे बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या रबरासारखा चाकाला मागच्या पृष्ठाशी घट्ट दाबून धरतो. या दाबामुळे चाक आणि त्यामागचा लोखंडी भाग यांच्यात जे घर्षण उत्पन्न होते, तेच गाडीचा भार, ब्रेकचा धक्का आणि वळणाचा ओढा सोसते. आता गंमत पाहा. बोल्ट ताणला जातो तो किती? माणसाच्या केसाच्या जाडीइतका, किंवा त्याहूनही कमी. आणि प्रायमर व रंगाचे दोन थर मिळून जाडी होते साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. म्हणजे तीही केसाएवढी.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की सारे उलगडते. चाकाच्या पाठीवर, जेथे ते ड्रमला टेकते, आणि नटाच्या निमुळत्या बैठकीत, असा दोन्हीकडे जाड रंग दिला, तर नट आवळताना पाना घट्ट लागतो, मालकाचे समाधान होते. पण दाबाखाली, ब्रेकच्या उष्णतेने, घाटाच्या हादऱ्यांनी तो मऊ रंग हळूहळू चिरडून बाहेर सरकतो. केसभर जागा मोकळी होते, आणि केसभराच्याच ताणावर उभा असलेला दाब ओसरतो. नट न फिरताच सैल होतो. मग चाक कणाकणाने हलू लागते, भोके लांबट होतात, बोल्ट वाकून वाकून थकतात, आणि एके दिवशी वळणावर ते मोडतात. रंग अगदी उत्तम प्रतीचा असतो, रंगाऱ्याचा हात सफाईदार असतो, शेड हुबेहूब जुळलेली असते. चूक एवढीच की, जेथे तो नको तेथेही तो दिलेला असतो.

कोणी म्हणेल, कारखान्यातून आलेल्या चाकालाही त्या जागी रंग असतोच की! असतो, पण तो चाक द्रवात बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला, भट्टीत भाजून कठीण केलेला आणि वीसेक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाच जाड असतो. डब्यातील रंगाच्या तीन थरांशी त्याची बरोबरी नाही. म्हणून नियम सोपा आहे. रंग देण्यापूर्वी चाकाची पाठ, ड्रमला टेकणारी सपाट जागा, आणि नटांच्या बैठका कागद चिकटवून झाकून घ्याव्यात. तेथे पूर्वी कोणी जाड रंग दिला असेल तर तो उतरवून टाकावा. ड्रमवरचा गंजही ब्रशाने साफ करावा. टायर बसतो त्या कडेवरही रंगाचे ओघळ राहू देऊ नयेत. आणि बोल्टांच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस चोपडण्याचा मोह आवरावा. त्याने नट वाजवीपेक्षा जास्त आवळला जाऊन बोल्ट दुखावतो.

रंग पूर्ण वाळल्यावर टायर चढवून चाकाचा तोल तपासून घ्यावा. मग नट एकदम एकामागून एक न आवळता समोरासमोरचे, चांदणीच्या टोकांप्रमाणे, थोडे थोडे आवळत जावे, आणि शेवटचा जोर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मापाने, मोजणाऱ्या पान्याने द्यावा. पायाने पाना दाबून वर उड्या मारणे हे माप नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर गाडी थांबवून सर्व नट पुन्हा तपासावेत. पहिल्या खेपेला माल उतरवल्यावर, परतीचा चहा घेण्यापूर्वी, पाच मिनिटे पाना हातात घ्यावा. एवढ्या अल्पशा श्रमाने केवढे संकट टळते!

श्रोतेहो, या कामातील सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे विचारले तर उत्तर चमत्कारिक येईल. चाक बसवून नट आवळल्यावर जे कोणालाच दिसत नाही, तेच त्यातले खरे मोल आहे. बाजारात गाडीभोवती जमणारे लोक रंग किती जुळला आहे ते पाहतील, कौतुक करतील, रंगाऱ्याचा पत्ताही विचारतील. चाकाच्या पाठीमागची तळहाताएवढी जागा त्याने कोरी ठेवली आहे काय, हे कोणी विचारणार नाही. ती कोरी ठेवल्याबद्दल त्याला कोणी एक पैसाही जास्त देत नाही. उलट कागद कापून चिकटवण्यात त्याचा अर्धा तास मोडतो. तरीही तो ते करतो, कारण उद्या पावसाने निसरड्या झालेल्या घाटात, धुक्यातून, मागे मणांनी भाजी आणि पुढे शेजारच्या आसनावर एखादे शाळकरी पोर घेऊन जो माणूस उतरणार आहे, त्याचा भरवसा त्या कोऱ्या जागेवर आहे.

तेव्हा गाडीमालकाने आपली हौस अवश्य पुरवावी. चाकाला अंगाचा रंग द्यावा, उन्हात गाडी उभी करून तिच्याकडे अभिमानाने पाहावे. फक्त रंगाऱ्याकडे चाके टाकताना त्याला ‘शेड जुळेल ना?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘नटांच्या बैठका आणि पाठ झाकणार ना?’ हेही विचारावे. जो रंगारी या प्रश्नाला ‘त्याशिवाय कसे होईल!’ असे उत्तर देईल, त्याच्याकडे चाके निर्धास्तपणे सोपवावीत.